तोंडात टाचण्या असताना

आईने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, मनगटावरच्या उशीत खोचल्या आणि ती स्टुलावर बसली. बस्स, एवढंच झालं. बाहेरच्या माणसाला यात काय दिसणार? बाई दमली, बसली. पण आरशासमोरच्या ठोकळ्यावर गायिका दोन्ही हात पसरून उभी होती, तिच्या निळ्या गाऊनचा घेर अर्धा टाचलेला आणि अर्धा जमिनीवर लोळत होता, आणि अशा अर्धवट घेरापुढे आई बसली आहे हे तिच्या पोरीने, भोंग्याने, जन्मात पाहिलं नव्हतं. शाळेतून आल्या आल्या ती दुकानाच्या कोपऱ्यात काजं-बटणांच्या डब्यांशेजारी दप्तर टाकून बसली होती. वही उघडी होती, पेन दातांत होतं, आणि काहीतरी चुकलंय, काहीतरी फार चुकलंय, असं तिला आतून वाटलं. रोज चालणारा पंखा मध्येच बंद पडला की कसं वाटतं, तसं. आधी शांतता कळते, मग पंखा.

"काय गं ताई, पाय दुखले?" शिलाई मशीनवरून मावशीने विचारलं. आईने मान हलवली. नाही. "पाणी देऊ?" मान हलली. हो. तोंडात आता एकही टाचणी नव्हती, तरी आई मानेनेच बोलत होती. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही, कारण या घरात बोलणं असंच चालायचं. दिवसातले निम्मे तास आईच्या ओठांत टाचण्यांची रांग असायची, त्यामुळे तिला काही विचारायचं तर उत्तर 'हो' किंवा 'नाही' असेल असंच विचारायचं, हा घरातला नियमच होता. तो कुणी केला नव्हता, आपोआप पडला होता, जिन्याच्या पायऱ्यांना मधोमध खळगे पडतात तसा. काय जेवायचं असं आईला कुणी विचारत नसे, भात लावू का असं विचारत. मालवाहू ट्रकवर महिनामहिना बाहेर असणारे वडील फोनवरून "सगळं ठीक ना?" म्हणायचे, आई मान हलवायची आणि शेजारी उभं असलेलं कुणीतरी फोनमध्ये ओरडायचं, "हो म्हणतेय!" शाळेत मैत्रिणी आपापल्या आयांशी तासन्‌तास बोलतात हे ऐकून लहानपणी भोंग्याला नवल वाटायचं. एवढं बोलायला त्यांच्या आयांच्या तोंडात जागा कशी असते?

ती स्वतःही कालपरवापर्यंत मान हलवणाऱ्यांतलीच होती. मग शाळेच्या क्रीडादिनी निवेदन करणाऱ्या बाईंचा घसा बसला, माइक हिच्या हातात आला, आणि तिच्या तोंडून असा काही आवाज निघाला की मैदानापलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायकासुद्धा वळून बघायला लागल्या. त्या दिवसापासून मावशीने तिचं नाव भोंगा ठेवलं. नाव तिला भारी आवडलं. वर्गात हात वर करताना, बसमध्ये धक्का मारणाऱ्याला "ओ काका, सरका!" म्हणताना, तिला आपल्याच आवाजाची गंमत वाटायची. इतकी वर्षं हा होता कुठे?

"आई, छातीत दुखतंय का?" तिने विचारलं.

आईने मान हलवली. नाही.

"दुपारी नीट जेवली नाहीये ती, पित्त असणार," मावशी म्हणाली. "थंड दूध घे गं, बरं वाटेल."

"मला अवघडलंय हो," गायिका ठोकळ्यावरून म्हणाली. ती देहाने भरदार आणि मनाने मोकळी बाई होती. "हात खाली केले तर टाचण्या टोचतील, वर ठेवले तर विमानतळावर तपासणीला उभी राहिल्यासारखं वाटतंय. बाई, दमला असाल तर उद्या येते. पण कार्यक्रम आज आहे, म्हणजे उद्या येऊन मी काय करू तेही सांगा."

सगळे हसले. आईही हसली, पण ओठ एकाच बाजूने हलले, आणि मग तिने उजव्या हाताने जबडा चोळला, कानाखालून हनुवटीपर्यंत, सावकाश. ही खूण पोरीला पाठ होती. बरेच दिवस आई असा जबडा चोळत होती आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगून मोकळी व्हायची, टाचण्या धरून धरून दाढा भरून येतात. खांदा भरतो तो कात्रीमुळे. पाठ धरते ती कापायच्या टेबलावर वाकून. दुकान खाली आणि घर वर, तो जिना चढताना दम लागतो तो वयामुळे. आईच्या प्रत्येक दुखण्याला आईकडे मापाचा कपडा तयार होता. इतका मापाचा की आत दुसरंच काही असेल अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये. जिन्याच्या वळणावर थांबून ती कठड्याला धरून खिडकीबाहेर बघायची आणि खालून कुणी येत असेल तर म्हणायची, "बघ, समोरच्यांनी पडदे बदलले." समोरच्यांचे पडदे गेलं वर्षभर तेच होते. हे आत्ता, या क्षणी, वहीच्या कोऱ्या पानाकडे बघताना तिच्या डोक्यात उजेडासारखं पडलं. पडदे तेच होते!

आणि मग तिला दवाखाना आठवला. दोघी तिथे गेल्या होत्या त्या तिच्यासाठीच. क्रीडादिनानंतर तिचं काळीज उगाच धडधडायला लागलं होतं. फळ्यापाशी जाताना, माइक हातात घेताना असं धाडधाड व्हायचं की आपल्याला हृदयविकार झालाय आणि आपण तरुणपणीच फार सुंदर दिसत मरणार, अशी तिने मनाची तयारीही केली होती. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, छातीला तारा लावून कागद काढला आणि हसून म्हणाल्या, घाबरल्यावर धडधडतं आणि जरा वेळाने आपोआप शांत होतं, ते या वयात बहुतेक वेळा साधंच असतं. धडधडता धडधडता डोळ्यांपुढे अंधार आला, चक्कर येऊन पडलीस, खेळताना शुद्ध हरपली, तर मात्र लगेच यायचं. तिला थोडं वाईटही वाटलं होतं, इतकं साधं निघाल्याचं. ती उठणार तेवढ्यात आईने, जी दवाखान्यात कधी चकार शब्द बोलत नाही त्या आईने, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत विचारलं होतं, "आमच्या एक गिऱ्हाईक आहेत. त्यांचा जिना चढताना जबडा दुखतो. थांबलं की थांबतं. दाढेचं असेल ना ते?" डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या होत्या. "श्रमाने येतं आणि विसाव्याने जातं, ते दुखणं दाढेचं समजून सोडायचं नाही," त्या म्हणाल्या होत्या. "हृदयाचं दुखणं छातीतच होतं असं नाही हो. जबड्यात येतं, खांद्यात, हातात, पाठीत, पोटाच्या वरच्या बाजूला. बायकांना कधीकधी नुसता दम लागतो, मळमळतं, विनाकारण गळून जायला होतं. त्यांना या आठवड्यात माझ्याकडे पाठवा. आणि बसल्या जागी सुरू झालं, थांबेना, घाम फुटला, तर माझ्याकडेही नाही. तडक अ‍ॅम्ब्युलन्स." आई म्हणाली होती, "सांगते त्यांना." आणि परत येताना वाटेत पोरीने विचारलं होतं, कोण गं आई ते गिऱ्हाईक? पण आईला मानेने उत्तर देता येईल असा तो प्रश्न नव्हता, आणि आई रस्ता ओलांडायच्या घाईत होती.

तिने पेन खाली ठेवलं आणि उठून आईसमोर उकिडवी बसली. जवळून आईचा चेहरा ओळखीचा वाटेना. रंग उतरला होता, इस्त्री जास्त तापली की पांढऱ्या कपड्यावर येते तशी एक पिवळट झाक होती, आणि वरच्या ओठावर, कपाळावर, गळ्याच्या खळगीत घाम. दुकान थंड होतं. मावशीने तर स्वेटर घातला होता. आईचा हात हातात घेतला तर तो ओला आणि गार. छातीत दुखतंय का, असं आपण विचारलं आणि ती नाही म्हणाली, आणि ती खोटं बोलली नसेल. ती खोटं बोलतच नाही, फक्त विचारलं तेवढ्याचंच उत्तर देते. आपण जन्मभर तिला असलेच प्रश्न विचारले, दोनच दारं असलेले, आणि तिला काही वेगळं सांगायचं असेल तर ते तिसऱ्या दाराशी ताटकळत उभं राहिलं असणार.

"आई," ती म्हणाली, "मान हलवू नकोस. मला तोंडाने सांग. काय होतंय तुला?"

आईने तिच्याकडे बघितलं. मग मावशीकडे, मग गाऊनकडे. जणू उत्तर तिथे कुठेतरी टाचून ठेवलंय.

"दुखत नाहीये गं," आई म्हणाली. आवाज बारीक होता. "ओझं आहे. कुणीतरी मखमलीचा अख्खा तागा छातीवर ठेवलाय. उचलतच नाहीये."

"कधीपासून?"

"तू यायच्या आधीपासून."

"आणि जबडा? हात?"

"हा," आईने डावा हात जरा वर केला, आणि तो तिथेच अर्ध्यात खाली आला. "हा माझा नसल्यासारखा झालाय."

पुढचं सगळं फार भराभर झालं, आणि तरी तिला ते संथ, एकेक टाका दिसावा तसं दिसत होतं. ती फोनकडे गेली. मावशी म्हणाली, "अगं थांब, कुणाला करतेस?" ती म्हणाली, "अ‍ॅम्ब्युलन्सला." आई म्हणाली, "वेडी का काय!" आणि चक्क उभी राहायला लागली. "दारात अ‍ॅम्ब्युलन्स? सगळी गल्ली गोळा होईल. मी वर जाते, तोंड धुते, हे कपडे बदलते, जरा पडते. नाहीच बरं वाटलं तर संध्याकाळी जाऊ डॉक्टरांकडे. एवढा घेर संपवू दे." आईचं म्हणणं नेहमीसारखं रास्त वाटत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली. आईच्या असल्या रास्त बोलण्यावर हे घर उभं होतं. तोंड धुणं रास्त, कपडे बदलणं रास्त, संध्याकाळपर्यंत थांबणंही रास्त, आणि अशा एकेक रास्त पायरीवरून आई जिना चढत जाईल आणि वळणावर पडदे बघायला थांबेल. ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात दोन भिंतींना लावून.

"वर नाही जायचं."

"बाजूला हो."

"नाही."

"मोठी झालीस का फार?"

"हो," ती म्हणाली. "झाले. खाली बस."

आईला आजवर असं कुणी बोललं नव्हतं. मावशी तोंडावर हात ठेवून बघत राहिली. आणि आई बसली, जमिनीवरच, भिंतीला टेकून. हट्ट करायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं आणि हे त्या तिघींनाही एकदमच कळलं.

"माझी गाडी आहे की बाहेर!" गायिका म्हणाली. ठोकळ्यावरून ती स्वतःच उतरली होती, टाचण्या टोचत असतील तर टोचोत. "चला, घाला हिला गाडीत. अ‍ॅम्ब्युलन्स येणार कधी, नेणार कधी?" मावशी लगेच चपला शोधायला लागली. पोरीच्या बोटांखाली फोनचं बटण होतं आणि क्षणभर ती डळमळली. गाडी समोर उभी होती, खरीखुरी, लाल, दार उघडलं की निघाली. मोठी माणसं म्हणतायत. मोठ्यांना माहीत असतं. पण गाडीत आईचं काळीज थांबलं तर? मागच्या सीटवर आई, शेजारी मावशी रडतेय, पुढे सिग्नल लाल, आणि कुणालाच काही करता येत नाहीये. हे चित्र तिला इतकं स्पष्ट दिसलं की सीटवरच्या फुलाफुलांच्या अभ्र्यासकट दिसलं. "गाडीत यंत्र नसतं," ती म्हणाली. "त्यांच्याकडे असतं. वाटेतच सुरुवात करतात ते." आणि तिने बटण दाबलं. तिचं स्वतःचंही काळीज कानात धडधडत होतं, पण ती धडधड आता ओळखीची होती. कर तुला काय करायचंय ते, तिने तिला मनातल्या मनात बजावलं, मला काम आहे.

फोनवरच्या बाईला तिने पत्ता सांगितला, खूण सांगितली, आईचं वय सांगितलं, आणि काय होतंय ते आईच्याच शब्दांत सांगितलं. ओझं, तागा, परका हात, घाम. त्या बाईने हसण्यावारी नेलं नाही, पित्त म्हटलं नाही. गाडी निघाली, म्हणाली. त्यांना बसतं ठेवा, चालवू नका, गळ्याशी काही घट्ट असेल तर सैल करा. अ‍ॅस्पिरिन आहे का घरात? त्याची अ‍ॅलर्जी? पोटात व्रण, रक्तस्राव, रक्त पातळ करायच्या गोळ्या, असं काही? एकेक प्रश्न ती आईला विचारत गेली, आईने प्रत्येक वेळी तोंडाने "नाही" म्हटलं. गोळी गायिकेच्या पर्समध्ये निघाली, लिपस्टिक आणि खडीसाखरेच्या मधे कुठेतरी. गिळायची नाही, चावायची, फोनवरची बाई म्हणाली. आईने तोंड वाकडं करून चावली. "कडू आहे गं," ती म्हणाली. मावशी हुंदका देता देता म्हणाली, "असू दे कडू, तुझी भाजी गोड मानून खातेच की मी," आणि मग दोघी बहिणी एकमेकींकडे बघून असं काही हसल्या की मावशीला पुन्हा रडूच आलं. "दार उघडं ठेव," पोरगी तिला म्हणाली. "आणि रस्त्यावर जाऊन उभी राहा, त्यांना दुकान सापडलं पाहिजे." मावशी धावली. गायिका गाऊनचा घेर पोटाशी धरून तिच्यामागे धावली. आणि थोड्याच वेळात गल्लीच्या टोकाला तिचा तो कमावलेला आवाज घुमला, "इकडे! अहो इकडे!"

वाट बघताना आईचा हात तिच्या हातात होता. त्या बोटांवर कात्रीचे घट्टे, अंगठ्याच्या पेरावर सुयांच्या जुन्या बारीक खुणा, तर्जनीला शिवताना घालायच्या पितळी अंगुस्तानाचा हिरवट वास. लहानपणी याच हाताने तिच्या उघड्या पाठीवरून माप घेतलेलं, गार पट्टी मणक्यावरून सरकायची आणि ती खुदखुदायची आणि आई टाचण्यांमधून "हं" म्हणायची, म्हणजे हलू नकोस. सगळ्या गावाची मापं या हाताला पाठ. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाचं पोट या वर्षी सुटलं, कुणाला दिवस गेलेत हे घरच्यांच्या आधी आईला कळायचं. आणि हिचं माप कुणी घेतलं? हा विचार आला, पण रडायला तिला आत्ता वेळ नव्हता. ते नंतर, व्यवस्थित, दार लावून.

अ‍ॅम्ब्युलन्समधला माणूस उंच आणि बिनघाईचा होता, बघूनच धीर येईल असा. त्याने आईला खुर्चीवर उचलून बाहेर नेलं. गल्ली खरंच गोळा झाली होती. आईने डोळे मिटून घेतले. पोरगी मागोमाग आत चढली. नळी आईच्या नाकाला लागली आणि त्याला छातीवर तारा चिकटवायच्या होत्या, पण आईच्या कुडत्याचे हूक पाठीमागे होते, बारीक बारीक, तिने स्वतः हाताने लावलेले. "सॉरी हं, कापावं लागेल," म्हणत त्याने कात्री काढली. आईने डोळे उघडले. तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, कात्रीकडे बघितलं, पात्याच्या धारेकडे, आणि तो ती ज्या कोनात धरतोय त्याकडे. "आडवी चालवाल तर अडेल," ती म्हणाली. "कापड तिरकं बेतलंय. गळ्यापासून सरळ खाली घ्या." तो क्षणभर थांबला, मग तिने सांगितलं तसं त्याने घेतलं. कापड उघडलं गेलं तसा त्याचा आवाज झाला, आईच्या दुकानातला रोजचा आवाज, आणि आईने मान दुसरीकडे वळवली. यंत्रातून कागद बाहेर आला. तो वाचून त्या माणसाच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही, पण त्याने पुढे बसलेल्याला दोनच शब्द सांगितले आणि गाडीचा भोंगा वाजायला लागला. मग त्याने हॉस्पिटलला फोन लावून सांगितलं, तयार राहा, थेट आत घ्यायचंय. "हार्ट अटॅक आहे ना?" पोरीने विचारलं. घरात हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता. त्याने तिच्याकडे नीट बघितलं. "हो," तो म्हणाला. "पण आपण निघालोय."

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये गायिकेच्या गाडीतून मागोमाग आलेली मावशी भिंतीला डोकं टेकून वडिलांना फोन लावत बसली. गायिका तिथूनच कार्यक्रमाला गेली, गाऊनला एका बाजूने टाचण्या तशाच, "गाताना टोचल्या तर वरचा सूर आपोआप लागेल," म्हणत. पोरगी बंद दारासमोर उभी राहिली. बसावंसं वाटेना. दाराच्या हिरव्या रंगावर ब्रशचे फराटे होते, ते तिने वरून खाली, खालून वर किती वेळा बघितले कोण जाणे. आई मरेल, असं एक वाक्य तिच्या मनात येऊन उभं राहिलं. तिने ते हाकललं नाही. ये, उभं राहा, ती म्हणाली. पण मी हलणार नाही इथून.

डॉक्टर बाहेर आले ते तिच्या डोक्यावरून पलीकडे बघत. "मोठं कोणी आहे?"

"मला सांगा," ती म्हणाली. मावशीही उठून आली आणि तिच्या खांद्याला धरून उभी राहिली.

तेव्हा त्यांनी तिलाच सांगितलं. हृदयाला रक्त नेणारी एक वाहिनी गच्च बंद झाली होती. मनगटातून बारीक नळी घालून ती उघडली, आत जाळी बसवली. हृदयाचा थोडा भाग दुखावला आहे, किती ते पुढे कळेल. गोळ्या कायमच्या. अजून काही तास जपायला हवं. "घरी पडून राहून वाट बघितली असती तर मी तुमच्याशी वेगळं बोलत असतो," ते म्हणाले. ती "हो" म्हणाली आणि मग तिने मावशीच्या खांद्यात तोंड खुपसलं.

आत एकेकटीनेच जायचं होतं. आई उशांना टेकून होती, अंगावर हॉस्पिटलचा बेढब, बिनमापाचा झगा. चेहऱ्यावर रंग परत येत होता. शेजारच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारत होती. पोरगी खाटेच्या कडेला टेकली. विचारण्यासारखं इतकं होतं की तिला काहीच विचारता येईना, आणि म्हणून ती, भोंगा म्हणवणारी ती, गप्प बसून राहिली. आई छताकडे बघत होती. मग तिने ओठ ओले केले.

"दुखतंय," आई म्हणाली.

कुणी विचारलं नव्हतं.

"कुठे?"

"इथे." आईने पट्टी बांधलेलं मनगट जरासं उचललं. "नळी घातली तिथे. ठसठसतंय. आणि खाली ओलसर लागतंय काहीतरी." ती थांबली. डोळे एकदम पाण्याने भरले, आणि ते लपवायला तिने तोंड फिरवलं नाही. "आणि मला भीती वाटतेय गं."

पोरीने पट्टीखाली बघितलं. चादरीवर बोटाएवढा लाल डाग उमटला होता आणि हळूहळू पसरत होता.

"नर्सला बोलावू?"

"बोलाव," आई म्हणाली. "लवकर."

ती उठली, दारात गेली, आणि त्या लांबलचक पांढऱ्या शांततेत, जिथे सगळे कुजबुजत होते, तिने छाती भरून हाक मारली.